फुई, तो कंद मी काढला होता

फुई, तुझे दिवस घालून काल मी नाशिकला परत आले. आज ड्यूटी होती, पण रजा टाकली. फोनवर सिस्टरबाईंनी विचारलं, "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "आत्या." त्या म्हणाल्या, "अरेरे. पण आई-वडील आहेत ना?" आहेत म्हटलं. मग त्यांचा आवाज लगेच हलका झाला. आमच्याकडे वडिलांच्या बहिणीला फुई म्हणतात आणि माझी अर्धी वाढ आईकडे नाही, फुईकडे झाली, हे त्यांना सांगत बसले नाही.

तू चांगली बाई नव्हतीस. हे आधीच लिहून टाकते, कारण माणूस गेलं की सगळे मिळून त्याला चांगलं करून टाकतात. तुझ्या बाबतीत तर पाड्यानं तेही केलं नाही. तू कडू होतीस, हट्टी होतीस, आणि माझ्याशी तू जे केलंस ते वैऱ्याशीही कोणी करू नये. मी तुझ्याशी जे केलं, ते त्याहून वाईट होतं. आपल्या दोघींचा हिशोब हा असा, आणि तो माहीत असलेली दुसरी बाई आता मातीत गेली.

शिमगा झाला की आपला पाडा ओस पडायचा. नागली संपत आलेली, विहिरीला पाणी नाही. बा आणि आई द्राक्षाच्या खुड्याला दिंडोरीकडे निघून जायचे आणि मला तुझ्या दारात सोडायचे. मी अकरा वर्षांची होते. तुझा नवरा मैना पोटात असतानाच गेलेला. मैना पाच वर्षांची. तिचे केस कायम डोळ्यांवर यायचे आणि ती ते फुंकर मारून उडवायची.

त्या दिवसांत तुला मान होता. एखाद्या पाल्याची, कंदाची शंका आली की लोक तो तुझ्या ओट्यावर आणून टाकायचे. तू पान चुरगळायचीस, नाकाशी धरायचीस, जिभेच्या टोकाला लावायचीस आणि सांगायचीस, "खा," किंवा "टाक." त्यापुढं बोलायची तुला गरज वाटायची नाही. म्हातारी पारूआजीसुद्धा, जी कुणाचंच ऐकायची नाही, ती तू 'टाक' म्हटलं की टाकायची. मला तुझ्यासारखं व्हायचं होतं. तू मात्र चार बायकांत म्हणायचीस, "सुमीला अजून माती कळत नाय. तिच्या हातात टोपली द्यायची ती नुसती धरायला."

ते मला फार लागायचं. म्हणून काही घडलं असं नाही म्हणत. पण लागायचं.

त्या दिवशी तू मोहाची फुलं घेऊन पेठच्या बाजाराला गेलीस. जाण्याआधी कडूकंदाची भाजी करून ठेवलीस. कडूकंद तसाच खाल्ला तर घसा धरतो, पोट बिघडतं. तो राखेच्या पाण्यात उकडायचा, पातळ चकत्या करायच्या, टोपलीत भरून झऱ्याच्या धारेखाली दोन रात्री ठेवायचा. तू बरोबर दोन रात्री ठेवला होतास. मला ठाऊक होतं, कारण टोपलीवर दगड ठेवायला मीच आले होते.

भाजी आम्ही सकाळीच संपवली. दुपारी मैना भूक भूक करायला लागली. मी तिला मोहाची फुलं भाजून दिली, ती म्हणाली नको. मग मी पहार घेतली आणि मागच्या उतारावर गेले. करवंदीच्या जाळीत एक वेल वाळून चिकटला होता. पावसाळ्यात त्याला कसली फुलं येतात ते मी बघितलेलं नव्हतं. मला वाटलं, चाईचा कंद असणार. चाईचा कंद तू निखाऱ्यात भाजून द्यायचीस. जमीन दगडासारखी झाली होती, मी घामाघूम होईस्तोवर खणलं आणि कंद निघाला. नांगराच्या फाळासारखा, दोन टोकांचा. मी तो मैनाला दाखवला आणि म्हटलं, "बघ, मला पण येतं."

चुलीत निखारा होता. भाजला, सोलला, आत पांढराशुभ्र. एक तुकडा मी तोंडात घातला. कडू लागला, जीभ चरचरली. मी थुंकले.

आणि मग मैनाला म्हटलं, खा.

ती म्हणाली, "कडू हाय." मी म्हटलं, "कडूकंद खाताना नाय म्हणत कडू? तुझ्या आईनं दिलं की गोड लागतं काय? खा गुपचूप." तिनं तोंड फिरवलं. मी तिचं नाक दाबलं, फुई. तोंड उघडलं तसा तुकडा आत घातला. तीन तुकडे. शेवटचा तिनं स्वतः घेतला, मी चिडू नये म्हणून.

नाक दाबल्याचं मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. तुलाही नाही. तुझ्या दिवसाला सगळ्यांसमोर बोलले तेव्हाही एवढं गाळलं. आता कागदावर आलं आहे, तिथंच राहू दे.

ऊन उतरायच्या आतच ती ओकायला लागली. तू बाजारातून परत आलीस तेव्हा ती ओट्यावर पडली होती आणि तिच्या अंगाखालची घोंगडी भिजली होती. तू टोपली टाकून धावलीस. "काय खाल्लं गं? सुमे, काय दिलंस हिला?"

मी म्हटलं, "तू केलेले कडूकंद."

तेवढेच शब्द. खोटंही नव्हतं ते. तुझे हात तिच्या कपाळावर होते ते तिथंच थांबले. मग तू विचारलंस, "अजून काय?" मी म्हटलं, "काय नाय. मोहाची फुलं."

रस्त्याच्या कामावरची जीप मिळाली. पेठच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुला विचारलं, "पोरीनं काय काय खाल्लंय ते नीट आठवून सांगा. त्यावर औषध ठरणार आहे." तू माझ्याकडे बघितलंस. मी भिंतीवरच्या चित्राकडे बघत होते, त्यात एक गुबगुबीत बाळ होतं. तू म्हणालीस, "माझ्या हातचे कडूकंद खाल्ले सायेब. धुवायला कमी पडले असतील." डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. नाशिकला मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथंही तेच लिहिलं गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मैना गेली.

खूप वर्षांनी, नर्सिंगला असताना, विषबाधेच्या धड्यात मला तो कंद भेटला. कळलावी. खाली दोन टोकांच्या कंदाचं चित्र होतं. कंद पोटात गेल्यावर लवकर पोट धुतलं तर काही जण वाचतात, असं तिथं लिहिलं होतं. काही जण. मी ते पान मिटलं आणि परीक्षेत तो प्रश्न आला तर सोडून द्यायचा असं ठरवलं. प्रश्न आला नाही.

मैनाला माती देऊन आपण घरी आलो. बा आणि आई दिंडोरीहून आले होते, ओट्यावर बसले होते. तू आत चूल सारवायला घेतलीस. राख उपसताना तुझ्या हाताला काहीतरी लागलं. अर्धा कंद, एका बाजूनं करपलेला, दुसऱ्या बाजूला टोक तसंच. मी दारात उभी होते. तू तो राखेतून वर काढलास, फुंकर मारलीस, उलटा केलास. मग मान वर करून माझ्याकडे बघितलंस. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. तू तो परत राखेत टाकलास, राख टोपलीत भरलीस आणि उकिरड्यावर नेऊन ओतलीस. आलीस आणि चूल सारवलीस.

बाहेर येऊन बाला म्हणालीस, "माझीच चूक झाली, दादा."

चौदा वर्षं मी असं समजत होते की त्या क्षणी तू मला वाचवलंस.

त्यानंतर तुझ्या ओट्यावर कोणी पाला आणून टाकला नाही. पाड्यावर कुणी तुला तोंडावर काही बोललं नाही, तसे आपले लोक बोलत नाहीत. फक्त लग्नाकार्यात तुला भाजी चिरायला बोलवायचं बंद झालं. तू पंगतीला वाढायला उठलीस की पारूआजी तुझ्या हातातलं भांडं काढून घ्यायची आणि म्हणायची, "बस गं, दमली असशील." बा तुझ्याकडे यायचा, ओट्यावर बसायचा, पण पाण्याचा तांब्या आमच्या घरून भरून न्यायचा. तुझ्यासमोर तो तांब्या तोंडाला लावायचा. तू त्याच्याशी पावसापाण्याचं बोलत राहायचीस.

पण पुढच्या शिमग्याला तू आमच्या दारात आलीस आणि आईला म्हणालीस, "सुमीला चार दिवस दे." आई घाबरली. म्हणाली, "पोरीला खायला मात्र घरूनच..." तू म्हणालीस, "दे बांधून." आईनं भाकरी बांधून दिली. डोंगर चढायला लागलो तसा तू तो फडका माझ्या हातातून घेतलास आणि भाकरी गुरांपुढं टाकलीस.

तिथून पुढं तू मला जे शिकवलंस ते कुठल्या शाळेत मिळत नाही. कुड्याची फुलं सकाळी, दव असताना खुडायची. बाहव्याचा घोस खालून नाही, मधून तोडायचा. भोकराची कोवळी फळं कुठली, किडकी कुठली. वैशाख सरता सरता पालापाचोळ्यातून शेवळं वर येतात, जांभळट, पान मिटून घेतल्यासारखी, आणि ती काकडाच्या आंबट फळाशिवाय शिजवली तर तोंडाला खाज सुटते. आणि वाळलेले वेल. दर वर्षी, वाळलेले वेल. तू मला जाळीपाशी बसवायचीस आणि म्हणायचीस, "ह्याच्या पानाचं टोक बघ. कसं वळलंय? मिशीसारखं. ह्याला हात लावायचा नाय. परत बघ. परत." मी चुकले की पहारीच्या दांड्यानं बोटांवर मारायचीस. माझ्या उजव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही. वॉर्डात सलाइन लावताना ती मध्ये येते.

आणि जेवताना. तू भाजी करायचीस, माझ्यापुढं ताटली ठेवायचीस आणि स्वतः समोर बसायचीस. "आधी तू खा." मी घास घेईपर्यंत तू हलायची नाहीस. मी गिळला की म्हणायचीस, "तोंड उघड." लहान पोराचं बघतात तसं तू माझ्या तोंडात बघायचीस. मग स्वतः जेवायला घ्यायचीस. मी बाराची होते तेव्हा, सोळाची होते तेव्हा, आणि नोकरीला लागून साडी नेसून आले तेव्हाही. मी एकदाही नाही म्हटलं नाही. असं का करतेस तेही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, ही भीती होती.

असं लिहिलं की वाटतं तू राक्षसीण होतीस. तशी नव्हतीस. आश्रमशाळेत मला गोवर आला तेव्हा तू आठ कोस चालत आलीस. वॉर्डनबाई आत सोडेनात तर दारात बसून राहिलीस, शेवटी त्यांनीच कंटाळून सोडलं. दिवसभर माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं. कडुलिंबाच्या डहाळीनं तू माझं अंग शांत करत होतीस. मी तापात विचारलं, "फुई, मी मरंल का?" तू वाकून माझ्या कानाशी म्हणालीस, "नाय. तू मरू नकोस. तुला लय जगायचंय." तेव्हा मला ते वाक्य किती गोड वाटलं होतं. दहावीनंतर काय करू विचारलं तर तू क्षणभरही न थांबता म्हणालीस, "दवाखान्यात जा. नर्स हो. रोज बघशील." काय बघशील ते बोलली नाहीस. मी बाला सांगितलं, फुईनं सुचवलं, आणि बा म्हणाला, तिला तेवढं तरी सुचलं.

कुड्याच्या फुलांवरून मात्र आपण शेवटपर्यंत भांडलो. मी म्हणायचे, उकळून पाणी फेकून द्यायचं, तरच कडवटपणा जातो. तू म्हणायचीस, "मग खातेस कशाला? कागद चघळ." तू पाणी न काढता करायचीस, मी काढून. तू माझी भाजी खाऊन म्हणायचीस, "ही भाजी आजारी हाय." एकदा मी इतकी हसले की ठसका लागला आणि तूही हसलीस. तोंड झाकायचंही विसरलीस. मग एकदम उठून झऱ्यावर गेलीस, आणि परत आलीस तेव्हा तुझे डोळे धुतलेले होते. मैनाला ठसका लागला की तिचाही तसाच आवाज यायचा का? मला आठवत नाही. मला तिचा आवाज आठवत नाही, फुई. केस उडवण्याची फुंकर तेवढी आठवते.

दोन वर्षांपूर्वी नाशिकमध्ये रानभाज्यांचं प्रदर्शन भरलं. शहरातल्या बायकांना तोपर्यंत रानभाजीचं वेड लागलं होतं. पाड्यावरून पारूआजीची सून, आणखी चार बायका येणार होत्या. तुला कोणी विचारलं नाही. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी स्वतः येऊन तुला घेऊन गेले. माझं दुसरंही एक मन होतं, ते म्हणत होतं, शहरात तुझं कौतुक झालं की माझ्या डोक्यावरचं थोडं उतरेल.

मंडपात तुझ्यापुढं शेवळांच्या जुड्या आणि काकडं मांडली. एक चष्मेवाल्या बाई वाकल्या. "मावशी, ही कशी करायची हो?" तू सांगायला लागलीस. चौदा वर्षांत तुला कोणी असं विचारलं नव्हतं. तुझा आवाज वर चढला, हात हलायला लागले, आजूबाजूला पाच-सात बायका जमल्या. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून पारूआजीची सून हळूच त्या बाईंना म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "ताई, तिच्याकडचं नका घेऊ. तिच्या हातचं खाऊन तिचीच पोर गेली."

चष्मेवाल्या बाईंनी जुडी खाली ठेवली. सगळ्या बायका तुझ्याकडे बघत होत्या. मग तू माझ्याकडे बघितलंस.

इथं मला बोलता आलं असतं. मी आता अकराची नव्हते. माझ्या गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र होतं. मी म्हटलं, "काळजी करू नका, ही भाजी मी स्वतः आणली आहे. मी नर्स आहे. हिनं नुसती मांडलीय."

त्या बायकांनी जुड्या उचलल्या. दुपारपर्यंत सगळी भाजी गेली. तू हात मांडीत घेऊन बसून होतीस.

संध्याकाळी स्टँडवर पेठच्या गाडीची वाट बघत आपण बाकावर बसलो. तू म्हणालीस, "मला कशाला आणलंस?"

"लोकांना कळावं म्हणून. तुला किती येतं ते."

"कळलं का?"

 तू पदरानं मान पुसलीस आणि जणू उन्हाबद्दल बोलावं तसं म्हणालीस, "सुमे, तो कंद तू काढला होतास."

  मी म्हटलं, "तुला माहीत होतं हे मला माहीत आहे. तू मला वाचवलंस, फुई. मी ते कधी..."

तू हसलीस. बाकावरचा एक माणूस वळून बघायला लागला.

"वाचवलं? तुला? मी बोलले असते तर काय झालं असतं, सांगू? तुझ्या बानं दोन फटके दिले असते. तू रडली असतीस. भात लावायच्या वेळेला सगळे म्हणाले असते, पोर होती, तिला काय कळतं. आणि तू मोकळी. मला तुला मोकळं करायचं नव्हतं."

"पण तुझ्या हातचं कोणी खाईना झालं."

"मैना गेल्यावर कुणी माझ्या हातचं खावं असं मला वाटतच नव्हतं. तू खात होतीस तेवढं बास होतं."

गाडी लागली होती. लोक धावत होते. तू उठली नाहीस. म्हणालीस, "मी वाट बघत होते गं. दर शिमग्याला. म्हटलं, आज सांगंल. डोंगरावर आपण दोघीच असायचो, तिसरं कोण नसायचं. सांगितलं असतंस तर मी तुला मारलं असतं. लय मारलं असतं. आणि मग जेवू घातलं असतं, तोंड न बघता."

मी तेव्हाही म्हटलं नाही, फुई, मला माफ कर. मी म्हटलं, "गाडी सुटेल."

तू गाडीत चढलीस. खिडकीशी बसलीस आणि पलीकडे तोंड केलंस.

त्यानंतर मी फार वेळा आले नाही. ड्यूटीचं कारण होतंच. या माघात बाचा फोन आला, फुईला खोकला सुटत नाही, रक्त पडतं. मी आले, तुला नाशिकला नेते म्हटलं. तू म्हणालीस, "त्या दवाखान्यात मी एकदा गेलेय." मी गोळ्या दिल्या, तू त्या उशीखाली ठेवल्यास. आठ दिवस मी तुझ्याजवळ राहिले. मी पेज करायचे आणि तुझ्या तोंडाशी धरायचे. पहिल्या दिवशी मी आधी स्वतः एक घोट घेतला, आपोआप. तू म्हणालीस, "राहू दे आता. मला घाई हाय."

शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "फुई, मी सगळ्यांना सांगते. आज सांगते. बाला बोलावते." तू डोळे उघडलेस. "आता नको. त्यांचं रडणं बघायची ताकद नाय माझ्यात. मेल्यावर सांग." मग थोड्या वेळानं म्हणालीस, "जमलं तर."

मी ते माफी समजले. मी तशीच आहे, मला सोयीचं तेच ऐकू येतं. तू दुसऱ्या दिवशी दुपारी गेलीस. बाहेर मोहाखाली पोरी फुलं वेचत होत्या.

दिवसाला सगळा पाडा जमला. पंगत बसायच्या आधी मी उभी राहिले. मी सांगितलं. कंद मी काढला, मी भाजला, मी मैनाला दिला, फुईचे कडूकंद नीट धुतलेले होते, फुईला सगळं माहीत होतं आणि तिनं तोंड मिटून घेतलं. पेठच्या डॉक्टरांपुढं मी गप्प राहिले, तेही सांगितलं.

कोणी ओरडलं नाही. कोणी माझ्यावर थुंकलं नाही. मी त्याची तयारी करून आले होते. पारूआजी काठी टेकत उठली, माझ्यापाशी आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "बघा रे. भाचीचा जीव बघा. मेलेल्या बाईचा कलंक आपल्या अंगावर घेते. शिकलेल्या पोरीचं मन मोठं असतंय."

मी म्हटलं, "आजी, मी खरं सांगतेय."

"हो गं बाय, हो." तिनं मला जवळ घेतलं. बायका डोळे पुसत होत्या. माझ्यासाठी. तिची सून पाणी घेऊन आली. मी परत सांगितलं, कंदाला दोन टोकं होती, करवंदीच्या जाळीत होता, राखेत अर्धा सापडला. कोणीतरी म्हणालं, "सोळा वर्षं झाली, पोरीला आता काय काय आठवतंय. जागरण झालंय. हिला आत निजवा." त्यांनी मला आत नेलं, चहा दिला. बाहेर पंगत बसली. तुझ्याबद्दल एक शब्द कुणी बोललं नाही, फुई. सगळे माझ्याबद्दल बोलत होते, चांगलं.

तुला ठाऊक होतं का गं, असंच होणार ते? 'जमलं तर' म्हणालीस, त्याचा अर्थ हा होता का? मी काल गाडीत सगळा वेळ हेच विचारत आले. तू ठरवून केलं असशील तर तू जिंकलीस. ठरवलं नसशील तर आपण दोघी हरलो. आणि तरीही, हे लिहिताना मला कळतंय की मला ओळखणारं माणूस जगात तू एकटी होतीस. बाकी सगळे एका चांगल्या मुलीला ओळखतात.

काल सकाळी बा मला गाडीपर्यंत सोडायला आला.  फाट्यावर पिशवी खाली ठेवली आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "काल बोललीस ते."

"खरं आहे, बा. तू तरी ऐक."

"ऐकलं. म्हणून सांगतो."   "ते खरं असंल तर मी सोळा वर्षं माझ्या बहिणीच्या घरचं पाणी प्यालो नाय. तिच्या तोंडापुढं तांब्या लावून बसलो. तिनं काय केलं नव्हतं आणि मी बसलो. ते मला आता नाय झेपायचं, सुमे. माझं वय झालं." घाटातून गाडीचा हॉर्न ऐकू आला. त्यानं माझा दंड धरला, लहानपणी धरायचा त्याहून घट्ट. "म्हणून ते खोटं हाय. समजलीस? तू दुःखात बोललीस. परत बोलायचं नाय."

गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. बा माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे अगदी तुझ्यासारखे आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मी त्याला 'हो' म्हटलं.